दोन गडद, एक फिका

मंगळवार, १८ नोव्हेंबर. सकाळचे अकरा वीस. वाळत घातलेल्या सुताच्या लडी उलटून नुकताच आत आलोय.

प्रिय ताई,

तू पाठवलेला मॅट्रिक्सचा धडा वाचला. दहावी अर्ध्यावर टाकलेल्यालाही समजेल असा लिहिलास. तुझ्या वर्गातल्या मुली नशीबवान. आडव्या ओळी, उभे स्तंभ, भोवती कंस. प्रत्येक आकड्याची जागा ठरलेली, ती बदलली की अर्थ बदलला. मला हे फार आवडलं. मी रंगाचे डबेसुद्धा लेबल पुढे करूनच ठेवतो, त्यावरून बाबा मला 'कारकून' म्हणायचे.

आता म्हणत नाहीत. झटका आल्यापासून त्यांच्या तोंडून एकच शब्द निघतो, 'हो'. फिक्या सुताला किलोमागे निळा रंग किती घालू, म्हणून विचारलं. पाच ग्रॅम? हो. पन्नास? हो. सगळा डबाच ओतू का? हो. आई हसली, मग उठून आत गेली. मापं त्यांनी जन्मभर डोक्यातच ठेवली. लिहून ठेवली तर गल्लीतला प्रत्येक जण रंगारी होईल, म्हणायचे.

गिरणीला या खेपेला नुसतं फिकं सूत हवंय, शुक्रवारपर्यंत. दोन नमुने परत आले. हा निळा आहे की आजारी निळा, असं मुकादम सगळ्यांदेखत म्हणाला. तिसरा चुकला तर ते दुसरीकडे जाणार. आपल्याला दुसरं गिऱ्हाईक नाही, हे तुला सांगायला नको.

म्हणून तू सांगितलंस तसं मांडलं. गिरणीच्या आणि रंगाच्या बिलांवरून जुन्या दोन खेपा घेतल्या. एकीत गडद सूत वीस किलो, फिकं दहा, मिळून निळा रंग सातशे ग्रॅम. दुसरीत गडद चाळीस, फिकं वीस, रंग चौदाशे. निश्चयक काढला: वीस गुणिले वीस, वजा दहा गुणिले चाळीस. शून्य. शून्य आला की एकच उत्तर निघत नाही, असं तुझ्याच धड्यात आहे. वाटलं, मीच चुकलो. दुसऱ्या खेपा घेतल्या, पुन्हा शून्य. मग ध्यानात आलं. गिरणी वर्षानुवर्षं एकच ब्लँकेट विणते, दोन गडद पट्टे, एक फिका. गडद सूत नेहमी फिक्याच्या दुप्पट. इतक्या खेपा, ताई, आणि सगळ्या मिळून एकच गोष्ट सांगतात. गडदाला तीस ग्रॅम आणि फिक्याला दहा धरले तरी जमतं, पंचवीस आणि वीस धरले तरी जमतं. खरं कुठलं, ते आकड्यांना माहीतच नाही.

मग अंदाजाने तिसरा नमुना केला. ओला होता तेव्हा जुळत होता. आत्ता वाळल्यावर खिडकीत जुन्या लडीशेजारी धरला. आईनेही पाहिला आणि परत आलेल्या दोन नमुन्यांवर नेऊन ठेवला.

मागच्या पत्रात तू लिहिलंस, माप सापडलं की शाळेचा राजीनामा देते, मग दोघं मिळून रंगखाना चालवू. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, तू सापडायच्या आधीच देऊन मोकळी होशील. म्हणून हे घाईने लिहितोय. देऊ नकोस. दिला असशील तर आजच मोठ्या बाईंना भेट, हात जोड, काहीही कर, पण परत घे. इथे दोघांना पुरेल एवढं काम नाही. शुक्रवारनंतर एकालाही नसेल.

तुझाच,
धाकटा