अनघा म्हणजे काय

तांडा, महागाव
४ जानेवारी २०२४

ती. राखीबाईस,
इंद्रजीतचा सा. न.

फोन लावला की याडी शेजारी येऊन बसते, म्हणून पत्र लिहितो. तुझी भाची ठीक आहे. तिची आजी, आपली याडी, मात्र ठीक नाही, आणि त्याला कारण मी.

अंजूला मुलीचं नाव अनघा ठेवायचं आहे. याडीलाही आवडलं होतं. तिने सहज अर्थ विचारला. मी शब्दकोश पाहूनच ठेवला होता. अघ म्हणजे पाप, अनघा म्हणजे जिच्यात पाप नाही ती, अशी नीट फोड करून सांगितली. याडीने मुलीला मांडीवरून खाली ठेवलं. मग म्हणाली की आपल्या घरात कोणं पाप केलं होतं, का पोरीच्या नावातच सफाई द्या लागते. अंजूला वाटलं टोमणा तिलाच आहे. आता ती माहेरी आर्णीला निघते म्हणते, आणि याडी नातीला मांडीवर घेत नाही.

आत्या म्हणून नाव तूच ठेवणार, तर तोडही तूच काढ. फक्त अर्थ चुकीचा सांगू नकोस. आणि नाव कुठे लिहिलंस तर त्यातला न पूर्ण आहे, पाय मोडका नाही.

माया आहे तशी राहू दे.
तुझा इंद्रजीत

यवतमाळ
९ जानेवारी

चि. इंद्रजीत यास,
बाईचे अ. उ. आशीर्वाद.

पत्र वाचून तुझे भाऊजी इतके हसले की चहा सांडला. बाप्पा, तिनं अर्थ विचारला तर चांगला आहे म्हणून सोडून द्या लागत होतं. तुले फोड कराले कोणं सांगतलं? तुझं नाव रावणाच्या पोराचं आहे. तेव्हा कोणी अर्थ विचारला असता तर तू आजही बिननावाचा राह्यला असता.

मी याडीले फोन केला. म्हटलं, इंद्रजीतले काय समजते. अनघा म्हणजे 'अन् घ्या'. पोरगी आली, अन् घ्या. तिनं विचारलं, कोणाले म्हणते घ्या. मी म्हटलं, आजीले.  तर म्हणते, हे त्याले काहून नाही सांगता आलं.

अंजूले म्हण बॅग खाली ठेव. मी बारशाले येतो.

जीव लावत राहा.
तुझी बाई

तांडा, महागाव
२१ जानेवारी

ती. राखीबाईस,
सा. न.

'घ्या'मध्ये य आहे, 'अनघा'मध्ये नाही. हे बारशालाच सांगणार होतो, पण याडी मुलीला खाली ठेवायलाच तयार नव्हती. तू तिच्या मांडीवरच मुलीच्या कानात नाव सांगितलंस, तेव्हा मी घुगऱ्या वाटायला उठलो.

तुझी बस गेली आणि अंजूचे आर्णीच्या शाळेतले गुरुजी जेवायला आले. याडीने त्यांनाही 'अन् घ्या' ऐकवलं, वर म्हणाली की नाव आमच्या सुनेनं शोधलं, मोठी हुशार आहे. गुरुजींनी घास खाली ठेवला आणि संस्कृतात या शब्दाचा, असं सुरू केलं. मी त्यांच्या पानात लापशी वाढली. त्यांनी परत तोंड उघडलं, मी परत वाढली. अंजू आत तोंडात पदर धरून हसत होती.

निघताना गुरुजींनी मला दाराशी गाठून विचारलं, तुम्हाला तरी खरा अर्थ ठाऊक आहे ना. मी म्हणालो, अर्थ आजीला विचारा, मला फक्त नाव लिहिता येतं.

आमच्यावर लक्ष असू दे.
तुझा इंद्रजीत