आजारी दाण्याचं औषध

प्रिय संयोगिता,

फोन केला असता, पण तुझे आबा पडूनच असतात, फोन त्यांच्या उशाशी असतो आन् कान लय तिखट हायत त्यांचे. म्हणून दळणाचं निमित्त करून म्हसवडला आलीया आन् गिरणीच्या ओट्यावर बसून लिहितीया. अक्षर लावून घे.

आपल्या घराची रीत तुला ठावी हाय. शेंगा फोडल्या की टपोरा दाणा बाजाराला आन् काळवंडलेला, बुरशीचा घरात, कुटाला, चटणीला. तू सांगलीच्या प्रयोगशाळेतनं ओव्याच्या तेलाची बाटली आणलीस, तवा नीट समजावलं होतंस. चांगला वाळलेला दाणा पोत्यात भरायच्या आधी तेल लावायचं, मग बुरशी धरत न्हाई. पण एकदा बुरशीनं विष सोडलं की तेलानं ते जात न्हाई. आबांनी मान डोलावली. पण त्यांचं डोकं जन्मभर मेंढरं राखलेल्याचं. धडधाकट मेंढराला कोण औषध पाजतं? औषध आजाऱ्याला. त्यांनी तेल बुरशीच्या दाण्यालाच चोळलं. पोरगी काय सांगून गेली आन् तुम्ही काय करताय, असं मी बोलले तर माझ्यावरच डाफरले. खवट वास गेला, मग काय, मूठमूठ खायचे. आल्यागेल्याला सांगायचे, माझ्या लेकीचं औषध हाय.

आता डोळे पिवळे झालेत, पोट फुगलंय. साताऱ्याच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, लिवरला गाठ हाय, लय पुढं गेलीया, घरीच न्या. वर्षानुवर्षं बुरशीचे दाणे पोटात गेले, त्यानंबी झाली असंल म्हणाले. तुझ्या तेलानं गाठ झाली न्हाई, एवढं मला कळतं. पण आधी दाणा कडू लागला तर थुंकायचे तरी, तेलाच्या वासानं तेबी सुटलं. राग कुणावर काढू सांग. रडायचं तर गोठ्यात जाते.

तू शनिवारी येणार, म्हणून हे आधी लिहितीया. आबांना गाठीचं काही ठावं न्हाई. जेवण सुटलंय, पण तेच तेल आता ते माझ्याकडनं पोटावर चोळून घेतात. तू उंबऱ्यात आलीस की पहिलं तेच विचारतील, औषध लागू पडतंय न्हवं? तू शिकलेली, खोटं बोलायची सवय न्हाई तुला. पण पोरी, तेवढं व्हय म्हण. आन् येताना आणखी एक बाटली घेऊन ये, इथली संपत आलीया.

तुझीच,
आई