बाय, तुझी झोप कोण लिहितं?

प्रिय जिवली,

तुला वाचता येत नव्हतं आणि मी तुला पत्र लिहायला बसले आहे. हसशील तू. पण काल गुरुवार होता. गटाची बैठक संपता संपता तुझी रेखा कैनाडच्या घरून आली. हातात प्लॅस्टिकची पिशवी. "आईनं ठेवलेली. बोलली होती, ही गटाची आहे, परत द्यायची," एवढंच म्हणाली आणि चहाही न घेता निघून गेली.

पिशवीत तुझ्या सत्काराची शाल होती. घडी मोडलेली नव्हती. टाचणीसुद्धा तशीच होती.

तुला जाऊन दोन महिने झाले. मी रडले, सगळ्यांबरोबर रडले. पण जे सांगायला हवं होतं ते कुणालाच सांगितलं नाही. आता ही शाल समोर ठेवून गप्प कशी राहू?

आशागडच्या बालवाडीच्या खोलीत आपला गट सुरू झाला ते २०१४ साल होतं. कार्यकर्त्या सुनंदाताईंनी एकच रीत घालून दिली होती. ज्यांचं मन बिघडलंय, ज्यांचं सावरलंय, सगळ्यांनी चटईवर गोल बसायचं. आधी आपलं नाव सांगायचं, मग आठवडाभर झोप कशी लागली ते. पुढे बोलायचं तर बोला, नाहीतर नुसते बसा. माझं अक्षर चांगलं, म्हणून सगळ्यांची झोप मी वहीत लिहायची. चटईवर नाही, खुर्चीवर बसून. सगळे मला 'बाई' म्हणायचे. तू मात्र 'बाय' आणि 'तू'. सुरुवातीला ते मला खटकायचं, खरं सांगते.

पहिल्या दिवशी तू खोलीतल्या खांबाला मिठी मारून बसलीस. "माझा नाव जिवली. झोप नाय. जमीन हलते." घरीही तू दिवसदिवस खांब सोडायची नाहीस, म्हणून तुला आणलं होतं. वर्षभर तू तेच सांगितलंस, मी तेच लिहिलं. मग एका गुरुवारी तू खांब सोडून चटईवर येऊन बसलीस. सुनंदाताईंनी फक्त चहाचा कप तुझ्यापुढे सरकवला.

त्यानंतर चटया अंथरायला सगळ्यांच्या आधी तूच. नवी बाई दारात अडखळली की सरकून तिला जागा करायचीस. "ये, इथं बस. इथली जमीन नाय हलत." डॉक्टर महिन्यातून एकदा यायचे, पण त्यांच्या गोळ्यांइतकंच तुझ्या या वाक्यानं किती जणींना सावरलं, ते मी वहीत कधी लिहिलं नाही. वहीत त्याला रकाना नव्हता.

आणि तो दिवस आठवतो? मी पेन काढायला पर्स उघडली आणि तू शेजारून वाकून पाहिलंस. "बाय, तुझ्या पाकिटात पण तीच गुलाबी पट्टी? तू पण गोल्या खातेस?"

मी पर्स मिटली. "डोकेदुखीच्या आहेत," म्हणाले.

"हां," तू म्हणालीस. मग हळूच, "मग तुझी झोप कोण लिहितं?"

मी वहीत पुढचं नाव लिहायला घेतलं. आमचे हे गेल्यापासून मी त्या गोळ्या घेत होते. डहाणूत कुणाला कळू नये म्हणून वापीच्या डॉक्टरांकडे जात होते. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर शिकवायच्या, पाठ ताठ ठेवा, अक्षर स्वच्छ ठेवा आणि रडायचं असेल तर देवापुढे रडा, वर्गात नाही. साठी आली तरी मी वर्गातच बसले होते. तू ते पाहिलंस आणि कुणाला सांगितलं नाहीस. माझी लाज तू पदराखाली झाकून ठेवलीस.

मग २०१८ च्या थंडीत खरोखरच जमीन हलायला लागली. डहाणूपासून तलासरीपर्यंत भांडी वाजू लागली, भिंतींना भेगा पडल्या, माणसं अंगणात राहायला गेली. तू मात्र चटईवर मांडी घालून हसत होतीस. "चार वर्सां मी बोलत होती जमीन हलते, तर मना गोल्या दिल्या. आता सगल्यांची हलते, तर सरकार तंबू देते." इतके हसलो आम्ही त्या दिवशी.

पण भ्यायलेली माणसं गटात येऊ लागली, पार तलासरीहून. खोली पुरेना. सुनंदाताई म्हणाल्या, जुन्यांपैकी कुणाला थोडं मोकळं करता येईल का? आणि जिवली, सुचवलं ते मी. आमच्या शाळेत वर्ष संपलं की बक्षीस मिळायचं, टाळ्या व्हायच्या, मुलगी पुढच्या वर्गात जायची. म्हटलं, जिवली आता बरी आहे, तिचा सत्कार करू. शाल मीच आणली. नारळ दिला. 'बरी झाली' असं सुंदर अक्षरात लिहिलेला कागदही दिला.

पुढचा वर्ग कुठे होता गं? तुला मी पाठवलं कुठे?

तो कागद तुझ्या घरी देवाच्या फोटोशेजारी लागला. बरी झाली तर गोळ्या कशाला, म्हणून त्या बंद झाल्या. मला हे सगळं नंतर रेखाकडून कळलं. पण एक गोष्ट मला आधीच दिसली होती. वैशाखातल्या एका गुरुवारी तू बाहेर चिंचेखाली बसली होतीस. गट संपेपर्यंत बसून होतीस. मी मध्येच उठून आले.

"अगं, आत ये ना."

"माझा सत्कार झाला ना, बाय. माझी जागा आता दुसरीची."

मी काय म्हणाले? "मग भेटायला येत जा कधीतरी." आणि वही उघडी राहिली होती म्हणून आत गेले. साडेतीन वर्षं चटया अंथरणाऱ्या बाईला मी पाहुणी करून टाकलं. हाताला धरून आत नेलं असतं तर? दहा पावलांचं तर अंतर होतं.

पुढच्या गुरुवारी तू आली नाहीस. श्रावणात तू पुन्हा खांब धरलास, मग एका दुपारी भर पावसात घराबाहेर पडलीस आणि दोन दिवसांनी ओढ्याच्या खालच्या अंगाला सापडलीस. पाय घसरला, म्हणतात. मी कुणाला विचारलं नाही. विचारायचा हक्क कुठला होता मला?

सगळ्यात वाईट ते आता सांगते. तुला बरं ठरवायची घाई मला खोली लहान पडली म्हणून नव्हती. या खोलीतून माणूस बरं होऊन कायमचं बाहेर पडतं, हे मला एकदा डोळ्यांनी पाहायचं होतं. तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी. खुर्चीवरून उठून कधीतरी मलाही तसं जायचं होतं, कुणाला काही न सांगता.

जिवली, शाल मी कपाटात ठेवणार नाही. टाचणी आत्ताच काढली. येत्या गुरुवारी ती खांबाजवळ अंथरीन, ज्याला जमीन हलल्यासारखी वाटेल तो बसेल. पुन्हा कुणाचा सत्कार होऊ देणार नाही. बरा असो, नसो, ज्याला यायचं त्यानं म्हातारपणापर्यंत यावं, खोली पुरली नाही तर चिंचेखाली बसू, पण सगळेच बसू. वही सुनंदाताईंच्या हातात देईन, खुर्ची भिंतीला लावीन आणि चटईवर बसेन. माझी पाळी आली की तू सांगायचीस तसंच सांगेन. आज आधी तुला सांगते.

माझा नाव सुलभा.
झोप नाय.