दुखवट्याचा अँप्लिफायर

तुळजापूर, ४ जुलै २०२४

ति. स्व. उत्तरेश्वरमामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं कार्ड मिळालं. आई गेल्याची बातमी फोनवर कळली तेव्हापासून तुम्ही फोन कानाला लावत नाही, असं मामीनं सांगितलं. म्हणून मीही पत्रच लिहितोय. सवय नाही, एवढं लिहायलाही बराच वेळ लागला.

तुम्ही आम्हा बापलेकांचं माप विचारलंत, माझ्या शर्टाचं आणि भाऊंच्या सदऱ्याचं. दुखवटा काढायला माहेरचा आहेर घेऊन मामानंच यायचं असतं, हे भाऊंनी मला समजावून सांगितलं. तोवर आमच्या घरात गोडधोड नाही, सण नाही, गाणं नाही, आणि भाऊ उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाहीत. उत्तरेश्वररावांचं काही आलं का, हे मात्र रोज विचारतात.

मामा, कपडे नकोत. कपाटात आहेत तेच घातले जात नाहीत. आणायचंच असेल तर एक छोटा अँप्लिफायर आणा. माझ्या टेबलावर कॉम्प्युटरच्या दोन बाजूंना दोन स्पीकर आहेत. त्यांना ताकद देणारा जुना डबा उन्हाळ्यात जळाला. शाळेच्या धड्यांची रेकॉर्डिंग साफ करायचं माझं काम घरूनच चालतं, ते सध्या इयरफोन लावून करतो. कान दुखतात, म्हणजे दुखत असावेत. मला हल्ली फारसं काही जाणवत नाही. तळहाताएवढा, चार-पाच हजारांतला पुरे. मला घाई नाही, भाऊंना आहे.

मामीला नमस्कार. माया आहे तशी राहू द्या.

तुमचा भाचा,
यज्ञेश


जळकोट, ११ जुलै

चि. यज्ञेश यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अरे बाबा, दुखवट्याला लोक टॉवेल-टोपी नेतात, फार तर पँटपीस. अँप्लिफायर नेणारा अख्ख्या तालुक्यात मीच पहिला मामा! तुझ्या मामीला पत्र वाचून दाखवलं, तर म्हणाली पोराचं डोकं फिरलंय. मी म्हणालो फिरू दे, इतक्या दिवसांत काहीतरी मागितलं न्हवं त्यानं? दहाव्याला आलो तेव्हा तू माझ्याशी एक शब्द बोलला नव्हतास. भिंतीला टेकून नुसता बसला होतास. मला तेच डोळ्यांपुढं येतं.

आता मुद्द्याचं. आमच्या भजनी मंडळाचा अँप्लिफायर उचलायला दोन माणसं लागतात, आणि तू म्हणतोस तळहाताएवढा. नळदुर्गला खत आणायला गेलो होतो तेव्हा महांतेशच्या रेडिओच्या दुकानात चौकशी केली. त्यानं विचारलं किती वॅटचा देऊ. मला काय ठाऊक? म्हणालो चांगले भरपूर दे. त्यानं विटेएवढा डबा पुढं ठेवला, वर छापलंय दोनशे वॅट. विटेत दोनशे वॅट! हे लई खोटं वाटलं मला. हात हलवत परत आलो.

तेव्हा नीट लिहून कळव, वॅट किती, मागं काय असावं, पुढं काय असावं. अर्ध्या माहितीवर मी वस्तू घेत न्हाय. जन्मभर टपाल वाटलंय मी, अर्ध्या पत्त्याचं पाकीट पुढं जात नसतं. दाजींना सांग, वस्तू ठरली की निघालोच.

खात जा रे पोरा. इथल्या सगळ्यांचा जीव तुझ्यात आहे, हे विसरू नको.

तुझा मामा,
उत्तरेश्वर


तुळजापूर, १९ जुलै

ति. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

महांतेश खोटं बोलला नाही, पण ते खरंही नाही. दोनशे हा डब्यावर छापायचा आकडा असतो. प्रत्यक्षात किती ताकद बाहेर पडणार ते सोबतच्या अॅडॉप्टरवर ठरतं. तुमची विहिरीवरची मोटर पाच एचपीची असली तरी लाइट कमी दाबानं आली की ती नुसती गुरगुरते, तसंच. बारा व्होल्टचा अॅडॉप्टर देत असेल तर त्या दोनशेतले फार तर पंधरा-वीस हाती लागतील.

आणि मला तेही जास्त होतात. स्पीकर माझ्यापासून हातभर अंतरावर आहेत, खोली दहा बाय बारा. तरी चोवीस व्होल्टचा अॅडॉप्टर सोबत असलेला बघा, म्हणजे डब्याला धाप लागणार नाही. पुढं आवाजाचं एक गोल बटण, मागं लाल-पांढऱ्या पिनांची जागा, आणि स्पीकरच्या वायरी घट्ट आवळता येतील असे स्क्रू. ब्लूटूथ असलं तर असू दे, नसलं तरी अडत नाही. चमकणारे दिवे नकोत.

भाऊंना सांगितलं की वॅट ठरतायत. ते बरं म्हणाले आणि पुन्हा खिडकीशी जाऊन बसले. स्वयंपाक मी करतो. परवा आमटीत मीठच घातलं नव्हतं. भाऊ काही बोलले नाहीत, मलाही खाताना कळलं नाही. मिठाचा डबा जागचा हललाच नव्हता, हे भांडी घासताना लक्षात आलं.

मामीच्या गुडघ्यांना आराम पडो. आम्हाला विसरू नका.

यज्ञेश


जळकोट, १ ऑगस्ट

चि. यज्ञेश यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं विहिरीच्या मोटरचं उदाहरण आवडलं. तुझ्या मामीला आता मीच व्होल्ट आणि वॅट शिकवतो, ती कानात बोटं घालते.

पण बाळा, शंका संपत न्हायत. एकात म्हणे घुमारा आणि बारीक आवाज कमी-जास्त करायची वेगळी बटणं असतात. ती नसली तर पुढं तुला पस्तावायला नको. दुसरा एक आहे, दिसायला झकास, पण अॅडॉप्टर वेगळा घ्यावा लागतो. तिसऱ्याची गॅरंटी सहाच महिने. आणि सगळेच काळे! दुखवट्याच्या आहेरात काळी वस्तू चालते का, हे कुणाला विचारावं तेही कळेना. महांतेश म्हणतो, दिवाळीच्या तोंडावर नवा माल येतो, थोडं थांबा. मलाही वाटतं थांबावं. घाईत घेतलेली वस्तू पुढं छळते.

विमल असती तर एव्हाना माझ्यावर खेकसली असती, की दादा, तू बाजारात गेलास की वांगीसुद्धा संध्याकाळपर्यंत निवडतोस. खरंच म्हणायची तसं. तिच्या लग्नाची साडी घ्यायला मी तिघा दुकानदारांशी भांडलो होतो.

दाजींची तब्येत बरी असेल. त्यांना म्हणावं, उत्तरेश्वर विसरलेला न्हाय. तुझ्या चार ओळी आल्या की आमचा दिवस बरा जातो, तेव्हा लिहीत राहा.

मामा


तुळजापूर, २१ ऑगस्ट

ति. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

बटणं नसली तरी चालेल. काळा चालेल. गॅरंटी नसली तरी चालेल. दिवाळीपर्यंत थांबणं मात्र चालणार नाही.

हे आधीच लिहायला हवं होतं. भाऊ जेवत नाहीत. दुखवटा निघेपर्यंत गोड वर्ज्य म्हणून सुरुवात झाली, मग दूध गेलं, मग भात. आता आमटीत कुस्करलेली अर्धी भाकरी, तीही मी समोर बसलो तर. सदरा खांद्यावरून ओघळतो. डॉक्टरांकडे चला म्हटलं तर उंबरा ओलांडायचा नाही म्हणाले, म्हणून डॉक्टरांनाच घरी बोलावलं. त्यांनी तपासलं, आजार काही नाही म्हणाले, पण असंच चाललं तर पायांत जीव उरणार नाही. पूर्वी रोज सकाळी देवीच्या कळसाचं दर्शन घेऊन चौकात पेपर वाचत बसणारा माणूस आता न्हाणीपर्यंत भिंत धरून जातो. हे सगळं मी बघतो आणि मला घाबरायलाही होत नाही. म्हणूनच तुम्हाला सांगतोय, कारण कुणीतरी घाबरायला हवं.

गणपती जवळ आलेत. या वर्षी आपल्याकडे बसणार नाहीत. मामा, रिकाम्या हातानं या. तसा दुखवटा निघत नाही असं भाऊ म्हणतील, पण त्यांचं मी बघून घेतो. तुम्ही फक्त या.

यज्ञेश


जळकोट, २७ ऑगस्ट

चि. यज्ञेश यास,
आशीर्वाद.

डबा केव्हाचाच घेतलाय. तुझं वॅटचं पत्र आलं त्याच आठवड्यात घेतला. चोवीस व्होल्टचा, लाल-पांढऱ्या पिनांचा, तू लिहिलास तस्साच. बटणांचं, काळ्या रंगाचं, दिवाळीच्या मालाचं मी लिहिलं तेव्हा तो माझ्या कपाटावर होता.

घेतला आणि दुसऱ्या दिवशी तुळजापूरला आलोही होतो. मामीनं पिशवीत नारळ, कपडे, सगळं भरून दिलं होतं. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी पोचलो. विमल मला लांबूनच बघायची आणि दारातून ओरडायची, दादा, चप्पल बाहेर सोड, चिखल आणू नको. जन्मभर मला राग यायचा त्याचा. त्या दिवशी दार उघडं होतं आणि कुणी ओरडलं न्हाय. माझे पाय तिथंच थांबले. मागं वळलो आणि मिळेल त्या एसटीनं परत आलो. मामीला सांगितलं, घराला कुलूप होतं.

यज्ञा, मी आहेर केला, गोड घास भरवला की लोक म्हणणार, झालं, उरकलं. मला उरकायचं न्हाय रे. ती माझ्या पाठची. मला वाटत होतं, मी जाईना तोवर तिचं घर अजून तिच्यासाठी अडून आहे. दाजी तिकडं उपाशी बसलेत हे ठाऊक नव्हतं, भवानीची शपथ. आता ठाऊक झालं, तरी पाऊल उचलत न्हाय. रोज पिशवी उचलतो आणि खाली ठेवतो. मला शिव्या घाल, पण तोडू नको.

मामा


तुळजापूर, २ सप्टेंबर

श्री. उत्तरेश्वरराव यांस,
स. न. वि. वि.

चिरंजीव आपली पत्रे टेबलावर उघडी टाकतो, त्यामुळे सर्व पत्रव्यवहार माझ्या वाचनात आला. नगरपरिषदेत उभा जन्म दुसऱ्यांचे अर्ज वाचण्यात गेला, ती खोड जात नाही. राग नसावा.

आपण गल्लीच्या तोंडाशी येऊन परत गेलात, हे मला त्याच दिवशी कळले होते. मी खिडकीत होतो. आपल्या हातातली पिशवी दिसली. हाक मारायला तोंडही उघडले. तेवढ्यात मनात आले की हे आत आले, पाटावर बसले, की विमलचे सर्व संपले. आणि मी हाक मारली नाही. आपण पाठ फिरवलीत तेव्हा मला बरे वाटले, हेही लिहितो. त्यानंतर रोज पोराला विचारत राहिलो, आपले काही आले का म्हणून. तेव्हा दोष एकट्याने घेऊ नये.

आपले पत्र आल्यापासून मला पोराची काळजी वाटू लागली आहे. तो मीठ नसलेली आमटी खातो आणि त्याला कळत नाही. आपण दोघे तिला धरून बसलो आणि तो मधल्या मध्ये राहिला.

माहेरच्यांनी येऊन दुखवटा काढावा अशी रीत आहे. त्यांचे पाऊल न उचलल्यास काय करावे, हे कुणी ठरवून ठेवलेले नाही. म्हणून मी ठरवले. येत्या रविवारी सकाळच्या गाडीने मी जळकोटला येतो. उंबरा मीच ओलांडतो. ती ज्या घरातून इकडे आली त्या घरात मला जेवायला वाढा. पुरण करावे, मात्र थोडेच, पोट आटले आहे. यज्ञेश मला गाडीत बसवून देईल, त्याला सोबत आणत नाही. आपण दोघे म्हातारे रडणार, ते त्याच्यासमोर नको. डबा काढून ठेवावा, येताना मी घेऊन येईन.

वहिनींना नमस्कार. नाते होते तसेच ठेवावे, ही विनंती.

आपला,
भाऊ


तुळजापूर, ११ सप्टेंबर

ति. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

भाऊ रविवारी दिवेलागणीला सुखरूप पोचले. एसटीत डबा मांडीवर धरून बसले होते, कंडक्टरनं वर ठेवायला सांगितलं तरी ठेवला नाही. तुमच्याकडे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. डोळे सुजले होते. येताच पाणी मागितलं, आणि डबा माझ्या दोन्ही हातांत देऊन म्हणाले, की तुझ्या मामानं केलाय आहेर, आता आपलं घर मोकळं झालं.

मामा, तुम्ही दोघं रडलात. मला अजून रडू आलेलं नाही. आईचं नाव कुणी घेतलं तरी आत काही हलत नाही. मी तिचा मुलगा असून असा कसा, याची लाज वाटते, पण तीही लांबून. हे आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

वायरी जोडल्या, स्क्रू आवळले, बटण फिरवलं. नवा डबा पारखायचा असला की काही न लावता नुसता चालू करायचा आणि स्पीकरला कान लावायचा. हलका असला तर सूं सूं ऐकू येतं. मी कान लावला. भाऊंनाही लावावासा वाटला. ते वाकले, बराच वेळ ऐकत राहिले, आणि म्हणाले की हा बंद आहे, मामाला फसवलं वाटतं कुणीतरी. मी सांगितलं, बंद नाही भाऊ, चालू आहे, चांगला असला की तो असाच गप्प असतो. ते सरळ झाले आणि माझ्याकडे बघत राहिले. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तो लवकर काढलाच नाही.

नंतर म्हणाले, लाव काहीतरी. गाणं कुठलं लावावं ते मला सुचेना, इतक्या महिन्यांत एकही ऐकलं नाही. समोर कामाची फाईल उघडी होती, तीच लावली. चौथीचा धडा, नदी कुठं उगम पावते आणि कुठं जाते. बाईंचा आवाज खोलीभर झाला. आमच्या घरात किती दिवसांनी कुणीतरी मोठ्यानं बोलत होतं. भाऊ स्टूल ओढून माझ्या शेजारी बसले आणि मांडीवर हात ठेवून अख्खा धडा शाळेतल्या पोरासारखा ऐकला, खालचे प्रश्नसुद्धा. संपल्यावर मी बंद करायला हात पुढं केला, तर त्यांनी माझा हात धरला आणि पुढचा धडा लावायला सांगितला.

तुमचा,
यज्ञेश