थांबायचा निरोप

बोगदा कॅम्प, हिमाचल
१८ सप्टेंबर २०२४

चि. मेघास प्रेमराजचे अनेक आशीर्वाद.

इकडे बठ्ठं बरं शे. मोबाइलला रेंज नाही, म्हणून सातवी शिकलेल्याला पत्रं लिहावी लागतात. चुका काढत बसू नको. तुमच्या नर्सिंगवाल्या बाईंनी माणसाला सुई टोचू दिली का, की अजून संत्र्यावरच चाललंय?

एक सांगायचं राहिलं. श्रावणात सुट्टीवर आलो तेव्हा नानांना पिंपळनेरकडे नेऊन काविळीची माळ घातली. डोक्यावर बांगडीएवढी होती, ती वाढत वाढत आठ दिवसांत पायातून निघाली. डोळे पांढरे झाले. मग धुळ्याच्या डॉक्टरची रोजची गोळी कशाला? मीच बंद करवली. बारा वर्षांचा असताना मीही याच माळेनं उठलो होतो. तू चिडशील म्हणून तेव्हा बोललो नाही.

आई-नानांना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नको.
तुझा भाऊ
प्रेमराज


धुळे
९ ऑक्टोबर

ती. भाऊस मेघाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि तशीच एसटीने दोंडाईचाला घरी गेले. नानांचे डोळे पुन्हा हळदीसारखे. पोटात पाणी झालंय. आई म्हणते, प्रेमराजने सांगितलं म्हणून गोळी सोडली.

भाऊ, तुझी लहानपणीची कावीळ वेगळी, ती आपोआप जाते. नानांची ‘बी’ प्रकारची, हेपॅटायटिस बी. तिचा विषाणू रक्तात मुक्काम करतो, गोळी त्याला दाबून ठेवत होती. डोळे गोळीनेच पांढरे झाले होते.

डॉक्टरांनी केसपेपरच्या मागे चित्र काढून दाखवलं. यकृतातल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात. एखादी दुखावली की शेजारच्या निजलेल्या पेशी जाग्या होतात आणि जखमेवर धागे विणतात. जखम भरली की थांबायचा निरोप येतो. विषाणू जखमा करतच राहिला तर तो निरोप येतच नाही, विणणं चालूच. नानांचं यकृत आता धाग्यांनी टणक झालंय. गोळी पुन्हा सुरू केली, पण उशीर झाला. दुसऱ्याच्या यकृताचा तुकडा बसवावा लागेल, असं म्हणाले.

जपून राहा, आणि रागावले तरी मी तुझीच.
मेघा


बोगदा कॅम्प
२७ ऑक्टोबर

चि. मेघास आशीर्वाद.

तू लिहिलेलं मला कुणी समजावावं लागलं नाही. आमचं काम तेच आहे. सुरुंग उडाला की खडक जिथे झडतो तिथे सिमेंट फवारतात. मी पंपावर. आतलं मला काही दिसत नाही. आतून दोन शिट्ट्या आल्या की पंप बंद. नाहीच आल्या तर मी फवारत राहणार, बोगदा बुजेपर्यंत.

माझ्या शहाणपणाने नानांचं हे झालं. तीन दिवस जेवण जात नाही. तुकडा माझा घ्या. चोवीस वर्षांचा आहे, दारू पीत नाही, दगड उचलतो. सुट्टीचा अर्ज दिलाय, पण बदली माणूस आल्याशिवाय सोडत नाहीत. साहेबाकडे सॅटेलाइट फोन आहे. तो फक्त अपघातासाठी म्हणे. हा अपघात नाही का, विचारलं, तर कागदं चाळू लागला.

नानांना सांग, मी येतोय.
तुझा
प्रेमराज


दोंडाईचा
१६ नोव्हेंबर

ती. भाऊस सा. न.

माझी तपासणी झाली. माझा तुकडा नानांना चालतो. पण नाना ऐकत नाहीत. पोरीच्या पोटाला चीर देऊन जगलो तर भाऊबंदांत तोंड कसं दाखवू, तिच्या सासरचे काय म्हणतील, असं म्हणतात. सासर आहे कुठे, असं विचारलं तर म्हणाले, येईलच की. प्रेमराज आला की त्याचा घेईन, बाकी कुणाचा नाही. दिवसभर ओट्यावर बसून रस्ता बघतात. डॉक्टरांनी महिना सांगितलाय, फार तर दीड.

तुझं रक्त कॅम्पातच तपासून घे. ही कावीळ घरात पसरते, एका वस्तऱ्याने दाढी केली तरी. आई आणि मी नीट आहोत.

लवकर ये रे.
मेघा


बोगदा कॅम्प
४ डिसेंबर

तीर्थरूप नानांच्या चरणी प्रेमराजचा दंडवत.

मेघा, हे नानांना पूर्ण वाचून दाखव. तुझ्याबद्दलचं आलं की गाळशील, तसं करू नको.

नाना, इथल्या कंपाउंडरने दोनदा तपासलं. तुमची कावीळ माझ्याही रक्तात निघाली. मला त्रास काही नाही, पण माझा तुकडा तुम्हाला चालणार नाही. मिसरूड फुटल्यापासून तुमचाच वस्तरा वापरला, त्यातून असेल, नसेल. मी दोष देत नाही.

तेव्हा रस्ता बघू नका. मी आलो तरी रिकामाच येणार. मेघाचा घ्या. कापलेलं यकृत वाढायचा निरोप स्वतःच देतं आणि पुरतं झालं की थांबतं. काही महिन्यांत तिचं भरून येईल, तिलाच विचारा, ती शिकलेली आहे. चीर बघून जो मुलगा नाक मुरडेल त्याला चहा न देता मी उठवीन.

गोळी सोडा म्हटलं तेव्हा एका शब्दावर ऐकलंत माझं. आता हेही ऐका. पाया पडतो.

खिंडीत बर्फ पडलंय. गाड्या खाली सोडत नाहीत. हे पत्र मी चार वेळा उतरवून चार ड्रायव्हरांजवळ दिलंय. जे आधी येईल ते वाचा. चारही ट्रक आत्ता माझ्यासमोर एकामागे एक उभे आहेत.

तुमच्या पायांजवळची जागा माझीच ठेवा.
तुमचा
प्रेमराज