अर्धं राहिलेलं एम.ए.

बाबा,

तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, पण तुमच्यावर चिडायला सुरुवात केली ती गेल्या जानेवारीत. आईच्या पेन्शनसाठी बँकेनं काही कागद मागितले, म्हणून गाझियाबादच्या घरी तुमची ऑफिसची फाइल उघडली. तीत सर्व्हिस बुकची झेरॉक्स होती. शिक्षणाच्या रकान्यात लिहिलं होतं, इंटर कॉमर्स. पुढं काही नाही, बी.ए.सुद्धा नाही. मी पान उलटून मागची बाजूही बघितली.

मी सहावीत आहे. रविवारी सकाळी तुम्ही मला दिल्लीतल्या हिंदूरावच्या टेकडीवर फिरायला नेता आणि सांगता, इथं एक मराठी माणूस थाटात राहायचा. मग युनिव्हर्सिटीकडे बोट दाखवता. माझा एम.ए.चा वर्ग तिथं, दुसऱ्या मजल्यावर, कोपऱ्यातली खिडकी. आजोबा अचानक गेले, नोकरी धरावी लागली, इतिहास अर्धा राहिला. हे सांगताना तुमचा आवाज बारीक होतो आणि मी तुमचा हात धरते.

बारावीनंतर मला आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला. तुम्ही ओरडला नाहीत. जेवण झाल्यावर ताटावरून न उठता म्हणालात, "माझं राहिलं ते तू पूर्ण करशील का?" दुसऱ्या दिवशी मी ती सीट सोडली. बी.ए. केलं, एम.ए. केलं, त्या कोपऱ्यातल्या खिडकीशी मुद्दाम बसले. पीएच.डी.च्या वेळी मुनिरकाच्या खोलीवर तुम्ही डबा घेऊन यायचात, माझी प्रकरणं वाचायचात आणि समासात पेन्सिलीनं लिहायचात, 'पुरावा?' एकदा तर रागावलातच, ऐकीव गोष्टीवर अख्खं प्रकरण उभं केलंस म्हणून. मी ते पुन्हा लिहिलं. थिसिस तुम्हाला अर्पण केला, आणि त्या चार ओळींत तुमचं अर्धं राहिलेलं एम.ए.ही आलं. तुम्ही ते पान वाचलंत आणि चष्मा पुसलात. तेव्हा तरी सांगायचं होतंत.

फाइल घेऊन मी स्वयंपाकघरात गेले. आई मटार सोलत होती.

"तुला माहीत होतं?"

"लग्नाआधीपासून," ती म्हणाली. "तू एवढी छान शिकत होतीस. सांगून काय झालं असतं?" मग म्हणाली, कॉलेजात जायचं फार मनात होतं त्यांच्या, आणि पुढची शेंग उचलली.

काय झालं असतं ते मलाही माहीत नाही. इंटर शिकलेल्या बापानं तसं सांगितलं असतं, तरीही कदाचित मी ती सीट सोडली असती. पण ते मला ठरवू द्यायला हवं होतंत. इतिहास मला आवडतो, त्यावरच माझं पोट चालतं. तो मी निवडला, असं मात्र आता म्हणता येत नाही. आणि आईशी त्या दिवसापासून मी जेवढ्यास तेवढंच बोलते, हेही तुमच्यामुळेच.

ऑगस्टमध्ये एम.ए.चा नवा वर्ग सुरू झाला. पहिल्याच दिवशी एका मुलीनं विचारलं, "मॅम, आप हिस्ट्री में क्यों आईं?" मी सांगितलं, माझ्या वडिलांचं एम.ए. अर्धं राहिलं होतं. सवयीनं तोंडातून गेलं असं नाही, सगळं माहीत असून सांगितलं. तिनं ते वहीत लिहून घेतलं, आणि मी तिला थांबवलं नाही.