आईने शिकवलेला डावा हात

ती. स्व. ओडेसाताईस,

थर्मनचा उभ्यानेच नमस्कार (गुडघा वाकत नाही, आदर कमी झालेला नाही). शिकागोच्या थंडीत तुझी कंबर काय म्हणते? इथे टेक्सासात आम्ही सगळे शाबूत आहोत, आणि शाबूत हा शब्द मी विचार करून लिहिलाय. आई ठणठणीत. चर्चमध्ये लोकांना जागा दाखवणाऱ्या आम्हा पांढऱ्या हातमोजेवाल्यांची ती अजून मुख्य आहे, आणि गेल्या रविवारी माझे मोजे बघून तिने सगळ्यांदेखत नाक मुरडलं.

दुसरीकडच्या, आपल्या काळ्या लोकांच्याच चर्चमध्ये गोळीबार झाल्यापासून आपल्या पास्टरांनी ठरवलं की दारात हत्यारी माणूस हवा. 'तू सैन्यात होतास ना,' म्हणत मलाच धरलं (तिथे मी बटाटे उकडायचो, पण ऐकतो कोण). वर्लीनने नवऱ्याच्या वाढदिवसाला म्हणून पिस्तुलाचं चामड्याचं म्यान घेऊन दिलं. उघडं पिस्तूल कमरेला लावून फिरायला इथल्या कायद्याची हरकत नाही, तेव्हा दर रविवारी काळा सूट, पांढरे मोजे आणि कमरेला पिस्तूल, असा मी पंगतीतला वाढपी लढाईवर निघाल्यासारखा दारात उभा.

तर त्या रविवारी प्रार्थनेनंतर तळलेल्या मासळीचं जेवण होतं आणि गार चहात घालायचा बर्फ संपला. मला पिटाळलं पेट्रोलपंपावरच्या दुकानात. तिथे एक गोरा गडी पाठीला लांब बंदूक लटकवून निवांत कॉफी ढवळत होता, आणि गल्ल्यावरची बाई त्याला विचारत होती, यंदा रानडुकरं कशी आहेत. मी बर्फाची पिशवी उजव्या हाताने छातीशी धरून बाहेर पडतोय तोच पोलिसांची गाडी येऊन थांबली. कुणीतरी फोन केला होता म्हणे, हत्यारी माणूस आलाय (कुठला, हे पोलिसांना विचारावंसंही वाटलं नाही). दोघे उतरले, दोघांची पिस्तुलं माझ्यावर. आणि ताई, मी काय केलं असेल? पाय जुळवले, मान ताठ केली आणि डावा हात कमरेमागे नेला. चर्चच्या दारात समोर कुणी रुबाबात आलं की उभं कसं राहायचं, हे आईने लाकडी चमच्याने आपल्या हाडांत मुरवलंय. तुझाही हात बँकेच्या रांगेत मागे जातो, नाही म्हणू नकोस.

एक ओरडतोय, हलू नकोस. दुसरा ओरडतोय, हात बाहेर काढ. आता कुणाचं ऐकायचं? मला आईचा दुसरा नियम आठवला: तोंडाने बोलायचं नाही, खुणेने सांगायचं. मी हात सावकाश पुढे आणला आणि पंजा उघडला, 'पुढे जागा आहे' अशी खूण करतो तसा. रिकामा पांढरा मोजा दिसला आणि त्यातल्या तरण्या शिपायाचं पिस्तूल जरा खाली आलं (माझ्या अंगावर तेवढंच पांढरं होतं, तेच कामी आलं). मग बर्फ खाली, माझं तोंड गाडीच्या तापलेल्या पत्र्यावर. साक्षीला कुणाला बोलावलं? त्या पाठीला बंदूक लटकवलेल्या गड्याला! तो कॉफीचा घोट घेऊन म्हणाला, "मला तर हा बर्फ घेऊन चाललेला दिसला."

मग पिस्तूल परत दिलं, सगळं कायद्यात बसतं म्हणाले, दिवस चांगला जावो म्हणाले. पिशवी फुटून माझी पँट भिजली. चर्चमध्ये सगळे पोट धरून हसले. मी मुळीच घाबरलो नाही.

इकडची काळजी नको, कमरेला शेक घेत जा.

तुझा धाकटा,
थर्मन

ता. क. वर्लीन माझं पत्र वाचल्याशिवाय पाकिटात घालू देत नाही, म्हणून हे पोस्टाच्या खिडकीपाशी लिहितोय. पिशवी फुटली नव्हती. तोच बर्फ सगळ्यांनी चहात घालून प्यायला.

पुन्हा ता. क. आता खरं काम. आई पुढच्या महिन्यापासून लहान पोरांना चर्चच्या दारात उभं राहायला शिकवणार आहे, त्यात माझी नात टामियाही आहे. काल स्वयंपाकघरात पोरगी उभी राहून दाखवत होती, पाय जुळलेले, डावा हात मागे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी बाहेर जाऊन पायरीवर बसलो. आईला कारण सांगितलं तर ती झोपायची नाही, आणि कारणाशिवाय ती माझं ऐकायची नाही. तुझं ऐकते. तिला फोन कर आणि सांग, शिकागोच्या मोठ्या चर्चमध्ये आता दोन्ही हात पुढे धरतात, सगळ्यांना दिसतील असे. खोटं बोलल्याचं पाप माझ्या माथी. पिस्तूल मी कपाटात ठेवून दिलंय, हात मात्र बरोबर न्यावाच लागतो.